डनव्हॅरींची शिरगणती

वॉटफर्डला घर घेताना कस्तुरी आणि विनय नेवरेकर यांनी सगळी चौकशी केली होती. छप्पर किती जुनं, बॉयलर कधी बसवलेला, मेट्रोपॉलिटन लाइनचं स्टेशन चालत किती मिनिटांवर, शाळा कशी. शेजारी कोण, एवढंच विचारायचं राहिलं. आणि शेजार तर भिंतीला भिंत लागलेला.

शेजारी निघाला ह्यू डनव्हॅरी. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. एकटा, उंच, पाठीत वाकलेला. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्यात त्याची उभी हयात गेली होती. पहिल्याच शनिवारी त्याने कुंपणावरून हात पुढे केला आणि विचारलं, "नेवरेकर म्हणजे काय?"

कस्तुरीला इंग्लंडात येऊन आठ वर्षं झाली होती. आडनावाचा उच्चार विचारणारे पुष्कळ भेटले होते, अर्थ विचारणारा हा पहिलाच. तिने सांगितलं, नेवरे हे रत्नागिरीजवळचं गाव, तिथले ते नेवरेकर.

"पाहिलंयस ते गाव?"

"नाही. सासऱ्यांनीसुद्धा नाही पाहिलेलं."

"माझंही तसंच," ह्यू म्हणाला. "फक्त माझं गाव आता कुणालाच बघता येत नाही. पाण्याखाली आहे."

डनव्हॅरी म्हणजे पर्थशरच्या डोंगरातली सात-आठ घरांची एक शेतवाडी. तिथून जो उठला त्याला खालच्या गावातल्या कारकुनांनी तेच आडनाव लावलं. जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरणं हवी झाली तशी माणसं उतरली. कुणी ग्रीनॉकच्या गोदीत गेलं, कुणी डंडीच्या तागाच्या गिरण्यांत, कुणी बोटीत बसून कॅनडाला. उरलेल्या घरांवर पुढे धरणाचं पाणी आलं. वाडी गेली, आडनाव तेवढं चालत राहिलं.

ह्यूने चाळीस वर्षं त्या आडनावाचा माग काढला होता. रजा मिळाली की तो एडिंबरच्या दप्तरखान्यात जाऊन बसायचा, चर्चच्या जुन्या वह्या चाळायचा, दूरदूरच्या पाद्र्यांना पत्रं लिहायचा. जिथे डनव्हॅरी सापडेल त्याचं एक कार्ड. नाव, जन्म, गाव, कुठल्या शिरगणतीत दिसला ते साल. सगळी कार्डं बुटांच्या दोन खोक्यांत. खोक्याच्या झाकणावर त्याने जाड अक्षरांत बेरजा लिहिल्या होत्या: १८४१ साली एकसष्ट माणसं, १८८१ साली ब्याण्णव, १९११ साली अठ्ठेचाळीस. पुढे आकडे उतरत गेले. शेवटच्या ओळीत एक होता. तो एक म्हणजे ह्यू स्वतः.

माणूस फार बोलका नव्हता, पण कामाला हजर असायचा. अन्वी पाच वर्षांची असताना कस्तुरीला साडेतीनला शाळेच्या फाटकाशी पोचणं काही केल्या जमेना. ह्यूने न विचारता सांगितलं, "मी आणत जाईन." तीन वर्षं त्याने आणली. पावसात, बर्फात. कॅसिओबरी पार्कमधून कालव्याच्या कडेने तिला चालवत आणायचा आणि टोस्ट खाऊ घालायचा. अन्वी त्याला ह्यूआजोबा म्हणायची. त्याबद्दल त्याने कधी ख्रिसमसच्या मिठाईपलीकडे काही घेतलं नाही.

म्हणून, त्याचे डोळे अधू झाले आणि एका ऑक्टोबरात तो ती दोन खोकी छातीशी धरून दारात उभा राहिला, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. कस्तुरीचं कामच नकाशांचं. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीसाठी ती पत्ते नकाशावर बसवायची.

"मला आता कार्ड वाचता येत नाही," ह्यू म्हणाला. "तू कॉम्प्युटरवर एक नकाशा करून ठेव. म्हणजे मी गेल्यावर ही माणसं कुठेतरी राहतील."

"आठवड्याभराचं काम आहे," ती म्हणाली.

तिने खोकी गॅरेजमधल्या फळीवर ठेवली. आठवडा गेला, ख्रिसमस गेला. फेब्रुवारीत एका रविवारी ती अन्वीची सायकल काढायला गेली तर गॅरेजचं छप्पर गळत होतं, नेमकं त्या फळीवर. किती दिवस गळत होतं कुणास ठाऊक. खोकी उचलायला गेली तर बूड खाली राहिलं. कार्डांचा ओला, काळसर लगदा झाला होता आणि त्याला कुबट, गोडसर वास येत होता. शाई सगळीकडून वाहून एक झाली होती. वरची दहाबारा कार्डं जेमतेम वाचता आली. तिने ती रेडिएटरवर वाळवली. वाळली तशी ती चिरफाळून गेली.

त्याच दुपारी तिने सगळं काळ्या पिशवीत भरलं आणि कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला नेलं. पिवळ्या जाकिटातल्या माणसाने विचारलं, "काय आहे?"

"कागद," ती म्हणाली.

विनयला तिने हे सांगितलं नाही. ह्यूला सांगायचं रोज ठरवायची. कुंपणाशी तो विचारायचा, "कुठवर आलं?" आणि ती म्हणायची, "होतंय." पुढे "ग्रीनॉक झालं" म्हणाली. मग "डंडी चालू आहे." एकदा खोटं बोललं की त्याला रोज थोडं खायला घालावं लागतं. असं दीड वर्ष गेलं.

त्यानंतरच्या सप्टेंबरात ह्यूला नर्सिंग होममध्ये हलवलं. ऑक्टोबर संपता संपता तिथल्या सिस्टरचा फोन आला. फार दिवस नाहीत, आणि तो एका नकाशाबद्दल सारखा विचारतोय.

त्या रविवारी विनय अन्वीला घेऊन हॅरोला एका वाढदिवसाला गेला. कस्तुरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली आणि तिने डनव्हॅरी रचायला घेतले.

झाकणावरचे आकडे तिला पाठ होते. ते ह्यूलाही पाठ असणार, म्हणून ते जुळायलाच हवे होते. नावांसाठी तिने इंटरनेटवरून त्या काळातल्या नावांची यादी काढली. गावं नकाशावरून उचलली. १८४१ ची एकसष्ट माणसं झाली. १८८१ ची ब्याण्णव झाली. १९११ ला माणसं कमी करायची होती. बहुतेकांना तिने पुढच्या यादीत घेतलंच नाही, कोण कुठे गेलं याचा कोण हिशेब मागणार? पण ईशान्येच्या किनाऱ्यावर पोर्टसॉय नावाच्या बंदरात तिने पाच लहान मुलांचं एक कुटुंब ठेवलं होतं. पाच मुलं एकाएकी नाहीशी झाली तर ह्यू नक्की विचारील. म्हणून तिने शेरा लिहिला. बाप जेम्स, मासेमारी, १८८२ साली बोट बुडून. मुलं पाच, नोव्हेंबर १८८३, स्कार्लेट फीवर. आकडा अठ्ठेचाळीसवर आला. या कामाला दोन मिनिटं लागली. मग तिने चहा केला.

दुसऱ्या दिवशी ती नर्सिंग होमला गेली. ह्यू उशांना टेकून बसला होता. त्याला पडदा दिसत नव्हता, म्हणून तिने वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. प्रत्येक गावाला मान हलवत होता. पोर्टसॉय आलं तसा त्याने हात वर केला.

"पोर्टसॉय? पोर्टसॉयला मला कधी कुणी सापडलं नाही."

"नवीन कागद आलेत ऑनलाइन," कस्तुरी म्हणाली.

त्याने डोळे उघडले. ते दुधासारखे झाले होते. "किती जण?"

"आईबाप आणि पाच मुलं."

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "चाळीस वर्षं शोधलं मी, आणि ही पोरं तिथे होती. नावं काय त्यांची?"

नावं तिने लिहिलीच नव्हती. फाइलमध्ये फक्त 'मुलं ५' एवढंच होतं. तिने मान वर केली. उघड्या दारातून कॉरिडॉर दिसत होता आणि समोरच्या खोल्यांच्या दारांवर तिथल्या म्हाताऱ्यांची नावं लावलेली होती. तिने ती ओळीने वाचली. "मार्गरेट. जॉन. इसाबेल. विल्यम. जेसी."

"जेसी सगळ्यांत धाकटी?"

"हो."

"बिचारी," ह्यू म्हणाला, आणि नावं पुन्हा एकदा स्वतःशी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो गेला. क्रिमेटोरियममध्ये नऊ माणसं होती. त्यांतले तीन नेवरेकर. कस्तुरीला वाटलं, संपलं. जड वाटत होतं, पण संपलं.

फेब्रुवारीत तिला एक ईमेल आला. अबर्डीनमधल्या एका कुलवृत्तांत मंडळाचे सेक्रेटरी होते, निवृत्त शिक्षक. कस्तुरीने सिस्टरकडे ठेवलेली नकाशाची प्रत ह्यूने जाण्याआधी त्यांना पाठवायला लावली होती. त्यांनी लिहिलं होतं की डनव्हॅरी आडनावाचं एवढं चांगलं काम त्यांनी पाहिलं नाही, आणि पोर्टसॉयची नोंद पडताळून पाहायला ते मुद्दाम जाऊन आले. कबर सापडली. सोबत फोटो जोडला होता.

कस्तुरीने फोटो ऑफिसात उघडला. करड्या दगडाची शिळा होती, किंचित कललेली, नारिंगी शेवाळाचे डाग पडलेली. अक्षरं झिजली होती, पण वाचता येत होती. जेम्स डनव्हॅरी, १८८२, समुद्रात. आणि त्याची मुलं, नोव्हेंबर १८८३. मार्गरेट, जॉन, इसाबेल, विल्यम, जेसी.

त्याच ओळीने.

तिने फोटो बंद केला आणि अकराची मीटिंग पुरी केली. कुणाला काही जाणवलं नाही.

घरी जाऊन तिने विनयला सांगितलं. पहिल्यापासून, खोक्यांपासून, पिशवीपासून. तो भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.

"अगं, तू ते कुठेतरी वाचलं असशील," तो म्हणाला. "त्याच्याच कार्डांत. तू काही कार्डं वाळवली होतीस ना? डोक्यात राहिलं, आणि तुला वाटलं तू रचलंस."

"तो म्हणाला पोर्टसॉयला कधी कुणी सापडलं नाही."

"शहाऐंशी वर्षांचा होता तो, कस्तुरी."

"नावं मी दारांवरची वाचली."

विनय हात पुसत राहिला. मग म्हणाला, "कार्डं टाकलीस हे त्याला सांगितलं होतंस?"

"नाही."

त्याने नळ पुन्हा सुरू केला. जेवताना अन्वीने दोनदा विचारलं, काय झालं. आईचा बॅड डे आहे का?

एप्रिलमध्ये कस्तुरीला कामासाठी अबर्डीनला जावं लागलं. जावं लागलं असं तिने घरी सांगितलं. खरं म्हणजे तिने ते काम मागून घेतलं होतं. बुधवारची सकाळ मोकळी ठेवली आणि किनाऱ्याची बस धरली. नांगरलेली शेतं, दगडी घरं, मग एका वळणावर एकदम समुद्र. पोर्टसॉयला उतरणारी ती एकटीच होती.

बंदर लहान होतं. दगडी धक्के, उलट्या ठेवलेल्या दोन होड्या, एक बंद आइस्क्रीमचं दुकान. ऊन पडलं होतं, पण वारा कानात शिरत होता. सेक्रेटरींनी सांगितल्याप्रमाणे ती चढ चढून वरच्या जुन्या कबरस्तानात गेली. गवत नुकतंच कापलेलं होतं. भिंतीच्या कडेला डॅफोडिल्स फुलले होते. शिळा शोधावी लागली नाही, कारण तिच्यापाशी एक बाई गुडघे टेकून बसली होती आणि ब्रशने दगड घासत होती.

बाई तिशी-बत्तिशीची असेल. निळं टोपीवालं जाकीट, पायांत साधे बूट, बाजूला प्लास्टिकची बादली. हात थंडीने लाल झालेले. मंडळाची कुणी स्वयंसेविका असावी असं कस्तुरीला वाटलं.

"तुम्ही वॉटफर्डच्या," बाई मागे न बघता म्हणाली.

"हो. सेक्रेटरींनी सांगितलं का?"

बाई घासत राहिली.

कस्तुरीने वाकून शिळेवर हात ठेवला. दगड गार होता आणि खरा होता. शेवाळाच्या कडा नखाला टोचत होत्या. असं शेवाळ चढायला किती वर्षं लागतात, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ते चार-सहा महिन्यांचं नव्हतं, एवढं कुणालाही कळलं असतं.

"तुम्ही नेहमी येता?" तिने विचारलं.

"रोज."

"किती वर्षं?"

बाईने ब्रश बादलीत बुचकळला. "मोजत नाही."

ती बोलायची हळू, शब्द आठवून आठवून. वारा थांबल्यासारखा झाला. खाली धक्क्यावर पाणी आपटत होतं तेवढाच आवाज.

"एवढंच विचारायचं होतं," बाई म्हणाली. "पाचही का?"

मला समजलं नाही, असं कस्तुरीला म्हणता आलं असतं. दीड वर्ष ती ह्यूला असंच काहीबाही सांगत आली होती, जीभ सरावलेली होती. पण त्या लाल हातांकडे बघून तिच्याने खोटं बोलवेना.

"आकडा जुळत नव्हता," ती म्हणाली.

"कुठला आकडा?"

"अठ्ठेचाळीस."

बाईने मान हलवली. दुकानात सामान संपलंय म्हटल्यावर आपण हलवतो तशी.

"जेसीला ठेवलं असतं तर एकोणपन्नास झाले असते."

"हो."

"एकाने चुकला असता."

"हो."

"म्हाताऱ्याला कळलं असतं?"

कस्तुरीने विचार केला. ह्यूचा हात, त्याचे ओले गाल तिला आठवले. "कळलं असतं तरी तो काही बोलला नसता," ती म्हणाली. आणि मग, कितीतरी उशिरा, "माझं चुकलं. मला माफ करा."

बाईने शेवटच्या नावावर, अगदी खालच्या, हलक्या हाताने ब्रश फिरवला.

"जेम्सचं लिहिलंत," ती म्हणाली. "ते बरं केलंत. तो सुटला. माझं काहीच लिहिलं नाहीत."

"मी…" कस्तुरी म्हणाली. "मी विसरले."

"मला वाटलंच. विसरला असाल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती उठली. बादली घेतली.

"घाई नाही," ती म्हणाली. "पण आठवणीने लिहा."

आणि ती भिंतीच्या फाटकातून उताराला लागली. कस्तुरी तिच्या मागे धावली नाही. ती शिळेच्या पायथ्याकडे बघत उभी होती. जिथे बाई बसली होती तिथे जमिनीत दोन खळगे होते. शेजारी शेजारी, गुडघ्यांच्या आकाराचे. गवत तिथे उगवतच नव्हतं. तिने बोटं घालून पाहिली. हात वीतभर खोल गेला आणि तळाशी माती दगडासारखी घट्ट लागली.

परतीच्या ट्रेनमध्ये तिने लॅपटॉप उघडला आणि पोर्टसॉयच्या मुलांचा शेरा पुसून टाकला. स्कार्लेट फीवर काढला. नोव्हेंबर १८८३ काढलं. पाचही जणांना कॅनडाला पाठवलं, लग्नं लावून दिली, म्हातारं केलं. फाइलने सगळं निमूट स्वीकारलं. तिने नवी प्रत सेक्रेटरींना पाठवली आणि विनंती केली की एकदा पुन्हा जाऊन पाहाल का.

त्यांचं उत्तर शुक्रवारी आलं. शिळा जशीच्या तशी आहे, त्यांनी लिहिलं होतं. दगडापुढे कागदाचं काय चालणार, तुमच्या नव्या माहितीत काही घोटाळा झालेला दिसतो. आणि नाही, पोर्टसॉयमध्ये मंडळाचं कुणी स्वयंसेवक नाही. दोन वर्षं ते माणूस शोधताहेत.

म्हणजे लिहिलेलं पुसता येत नव्हतं. राहिलेलं तेवढं लिहिता येत होतं.

पाच मुलांना दोन मिनिटं लागली होती. त्यांच्या आईला चार दिवस लागले. कस्तुरी कामावरून यायची, तिची ओळ उघडायची. एल्स्पेथ डनव्हॅरी, जन्म १८५२. पुढचा रकाना रिकामा. ती रकान्याकडे बघत बसायची आणि लॅपटॉप मिटायची. कुठली तारीख द्यायची? मुलांच्या आधीची दिली तर तिला ते बघावं लागलं नसतं. पण ते तर तिने बघितलं होतं. उशिराची दिली तर तेवढी वर्षं पुन्हा रोजचं त्या दगडापाशी. दिवस मोजत मोजत ती अकरा फेब्रुवारी १८८४ पर्यंत आली. तीन महिने. त्याहून कमी करायला तिचा हात धजेना. शेवटी तिने तारीख लिहिली आणि पुढे, तसा काही रकाना नसताना, 'झोपेत' असा शब्द घातला.

सेक्रेटरींना तिने ही प्रत पाठवली. त्यांचा फोटो पंधरवड्याने आला. दगडाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे, त्यांनी लिहिलं होतं. आधी गवताखाली राहिली असावी, आपल्या लक्षात कशी आली नाही याचं आश्चर्य वाटतं. त्यांची आई एल्स्पेथ, फेब्रुवारी १८८४, झोपेत. कबरीवर हा शब्द त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

फोटोत पायथ्याचं गवत दाट होतं. सगळीकडे सारखं.

कस्तुरीने खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतला. शनिवारची दुपार होती. मागच्या अंगणात विनय अन्वीला फॉरहँड शिकवत होता, चेंडूचा टप टप आवाज येत होता. तिने चहाचा कप घेतला आणि फाइल बंद करण्याआधी सहज एकदा वरपासून खाली पाहिली.

अंत न लिहिलेल्या ओळी किती आहेत, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं. आता वेगळ्या काढल्या. त्या एकशे सव्वीस निघाल्या.

ग्रीनॉकचे गोदी कामगार. डंडीच्या गिरणीतल्या तिघी बहिणी. ओबानचा पोस्टमन. एका यादीत घेतलेली, पुढच्या यादीत न घेतलेली माणसं. कुणाला तिने बोटीत बसवलं नव्हतं, कुणाला आजारी पाडलं नव्हतं. नुसतं सोडून दिलं होतं.

शेवटच्या रकान्यात वय होतं. ते तिने टाकलेलं नव्हतं. मृत्यूची तारीख नसली तर सॉफ्टवेअर आजच्या तारखेपर्यंतचं वय आपणहून मोजतं. एकशे एकाहत्तर. एकशे एकोणसाठ. दोनशे आठ.

बाहेर अन्वी हसली. विनयने विचारलं, "कस्तुरी, येतेस का? किती राहिलंय तुझं?"

"थोडंच," ती म्हणाली.

तिने खुर्ची पुढे ओढली. सर्वांत वरच्या ओळीत १८४१ च्या शिरगणतीतलं एक बाळ होतं. एकसष्ट आकडा भरायला एक डोकं कमी पडत होतं, म्हणून तिने ते घाईघाईत घातलं होतं. जन्म १८४१. मुलगा की मुलगी, लिहिलेलं नव्हतं. आई कोण, लिहिलेलं नव्हतं. वय एकशे चौऱ्याऐंशी.

तारीख लिहायला तिने बोटं उचलली आणि थांबली. आधी त्याचं नाव ठेवायला हवं होतं.